बोटभर

सॅस्कॅचेवानात आमच्या गावाला रस्ता एकच, खडीचा,
आणि दुकानं दोन, समोरासमोर.
उगवतीला पानासियुकांचं, मावळतीला ओडेगार्डांचं.
संध्याकाळी एकाची सावली
दुसऱ्याच्या पायऱ्या चढून आत जायची.

आम्ही पानासियुकांचे. म्हणजे गिऱ्हाईक त्यांचे,
पण असंच म्हणायचे सगळे : हे यांचे, ते त्यांचे.
दारात पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ,
आणि रॉकेल, लोणच्याचं पिंप,
शेगडीपाशी वाळणारे लोकरीचे हातमोजे
यांचा मिळून एकच वास.
पानासियुक आमची अंडी एकेक दिव्यापुढे धरून बघायचा,
जणू त्यातून आमचं घर दिसेल आरपार.
तेक्लाबाई छताला टांगलेल्या रिळाचा दोरा ओढून
पुडा बांधायच्या आणि दोरा दातानं तोडायच्या.
कात्री शेजारीच असायची, खिळ्याला.

मग त्या फेब्रुवारीत कर्लिंगचा सामना झाला.
बर्फावरून घसरत गेले दोन दगड,
बाबांचा एक, पानासियुकचा एक,
आणि मध्याच्या जवळ कुणाचा, हे ठरेना.
फूटपट्टी आणली. सुतळी आणली.
पंच म्हणून धरून आणलेला स्टेशनमास्तर
बर्फावर पालथा पडून बघत राहिला.
शेवटी म्हणाला, पानासियुक. बोटभर.
कुणाचं बोट, हे कुणी विचारलं नाही.

सोमवारी आई रस्ता ओलांडून ओडेगार्डांकडे गेली.

त्यांचं दुकान वाईट नव्हतं.
सिग्ने माझ्याच वर्गातली,
गल्ल्यामागे खोक्यावर उभी राहून
मला "बोला, काय देऊ" म्हणायची.
खारवलेला मासा होता, कॉफी, खिळे, सुया,
टाळूला चिकटून बसणारं तपकिरी चीज.
खसखस नव्हती.
नॉर्वेच्या माणसाला खसखस कशाला लागते?

पोस्ट मात्र पानासियुकांच्याच दुकानात.
पत्रं आणायला बाबा मला पाठवायचे.
हातात ओडेगार्डांची कागदी पिशवी, तिच्यावर नाव ठसठशीत;
ती कोटाच्या आत दडवून, पोट फुगवून
मी एकोणीस नंबरच्या कप्प्यासमोर उभी राहायची.
"जाड झालीस गं," तेक्लाबाई म्हणायच्या.
एवढंच.

आमचा नाताळ जानेवारीत.
उकडलेले गहू, मध आणि खसखस,
पहिली चांदणी दिसल्यावर पहिला घास त्याचा.
आई म्हणाली, यंदा नुसते गहू आणि मध.
बाबा बोलले नाहीत. चुलीत लाकूड सारत राहिले,
चांगली पेटलेली असताना.

सहा तारखेला उणे पस्तीस. कप्प्यात
मामाचं पत्र, बियाण्यांचा कॅटलॉग,
आणि अगदी मागे ढकललेला एक पुडा, मुठीएवढा.
तिकीट नाही, पत्ता नाही.
दोऱ्याच्या टोकाला दातांची खूण.

रात्री बाबांनी पहिला घास घेतला, थांबले.
खसखस लपत नाही, दातांत अडकते.
आईनं ताटाकडे पाहिलं, मी खिडकीकडे.
बाबांनी पुन्हा वाढून घेतलं.

सलोखा वगैरे झाला नाही.
नऊ वर्षं आम्ही पलीकडेच जात राहिलो,
आणि दर जानेवारीत कप्प्यात पुडा.
ईस्टरला आई एक अंडं रंगवून माझ्या खिशात द्यायची,
मी ते टपालाच्या टेबलावर ठेवून पळायची.
तेही दिव्यापुढे धरून बघितलं असेल त्यानं.

नंतर रेल्वेनं रूळ उखडून नेले.
त्याच हिवाळ्यात दोन्ही दुकानं बंद, आधी कुठलं ते आठवत नाही.
पानासियुक गेला तेव्हा खांदेकऱ्यांत बाबा होते,
डावीकडून दुसरे.
परतताना ट्रकमध्ये आठ मैल गप्प.
मग म्हणाले, "दगड माझाच जवळ होता,"
आणि स्टिअरिंगवरचं बोट उचलून दाखवलं :
एवढा.