खिडकी क्रमांक चार

डुलुथच्या कोर्टात, दुसऱ्या मजल्यावर,
एकवीस वर्षं मी माणसांना रकान्यांत बसवते आहे.
बाहेर सरोवर गोठलंय,
खनिजाची जहाजं धक्क्याला बांधून ठेवलीत,
म्हणून तर वेन्डेल नीमी आज माझ्या खिडकीशी उभा.
जानेवारी ते मार्च त्याला पगार नसतो.

"नऊ महिन्यांचा पगार बारांनी भागायचा," मी सांगते,
"पोराची भूक बारमाही असते."
हे वाक्य मी सगळ्यांनाच ऐकवते.
तो हसला नाही.

त्याने पाकीट पुढे सरकवलं.
गालाच्या आतून कापसाच्या बोळ्यावर घेतलेली थुंकी,
तिचं उत्तर दीड पानभर,
आणि तळाशी : शून्य टक्के.
असं पान वाचून कुणी टेबलावर मूठ आपटतं.
एकाने इथूनच मित्रांना फोन लावून
बियर कबूल केली होती.
वेन्डेलने विचारलं,
"हे शून्य कशाचं?"

टिल्डा सहा वर्षांची. डावा कान बंद.
ती जन्मली त्या रात्री
कॉफीचा कागदी पेला गुडघ्यांत धरून
त्याने एका छापील कागदावर सही केली होती :
बाप मीच.
लग्न झालेलं नव्हतं. सही पुरली.
आता ती सही पुसायची की ठेवायची
हे न्यायाधीश ठरवतील,
मी फक्त अर्ज घेते.

रोक्सान मागच्या बाकावर, कोट अंगातच.
तिच्या मुठीत दुसरं नाव आहे,
मिनियापोलिसचा एक दंतवैद्य,
त्या उन्हाळ्यात तळ्याकाठी घर घेऊन राहिलेला.
आमचा नियम साधा आहे :
आईची मिळकत, बापाची मिळकत, दोन्हींची बेरीज,
ज्याचा वाटा जेवढा त्याच्या खांद्यावर ओझं तेवढं.
मी दोन्ही बाप यंत्रात घालून पाहिले.
वेन्डेल : महिना तीनशे बारा.
दंतवैद्य : अठराशे चाळीस.
कानातल्या यंत्राची किंमत
रोक्सानने मला न विचारता सांगितली.

"आणि रात्री?" वेन्डेल म्हणाला.
रात्रींना रकाना आहे आमच्याकडे,
मूल कुणाच्या घरी किती झोपतं
तेवढी रक्कम कमी होते.
जहाज बांधलेलं असतं तेव्हा टिल्डा त्याच्याकडे असते.
पगार नसलेले तीन महिने,
नव्वद रात्री,
माशांचं कालवण, सारखे हरवणारे हातमोजे,
आणि रोज झोपताना उजव्या कानाशी
जहाजांची नावं, एकेक.
"मी शून्य असेन तर ह्या नव्वद कुठे लिहायच्या?"

शाळेत बाई ओरडायच्या, हातचा विसरू नका.
मी पडद्यावर वरखाली शोधलं.
नात्याचा हातचा धरायला
ह्या यंत्रात जागा नाही.
"त्या मोजल्या जाणार नाहीत," मी म्हणाले,
आणि स्टेपलरमध्ये पिना भरत बसले,
भरलेल्याच होत्या.

तो बराच वेळ त्या अठराशे चाळिसाकडे पाहत होता.
मग रोक्सानला म्हणाला, "त्याचं नाव लिही."
"लिहीन," ती म्हणाली. पेन हातात होतं.
"पण मग पोरगी जानेवारीत विचारेल."
"विचारेल."
"तेव्हा उत्तर तू देणार आहेस का?"
ह्यावर तो काही बोलला नाही,
फक्त टोपीच्या कानपट्ट्या खाली ओढल्या.

अर्ज अर्धाच भरून त्यांनी परत नेला.
सोमवारी येतो म्हणाले.
बरेच जण म्हणतात.

काचेतून मला जिना दिसतो.
दोघं शेजारी शेजारी उतरत होते,
तो उजवीकडे,
ती डावीकडे,
मुलगी तर शाळेत होती,
तरी मधे दीड हात जागा सोडलेली,
आणि वेन्डेल त्या जागेच्या बाजूला
किंचित वाकून चालत होता,
उजव्या कानाशी बोलायची सवय असल्यासारखा.

पडद्यावर दोन्ही आकडे अजून उघडे होते.
पाच वाजता यंत्र आपोआप बंद होतं.
मी ते होऊ दिलं.