सहा मिनिटं अकरा सेकंद

इथली भिंत पातळ आहे.
पलीकडे बैठक चालू,
अलीकडे मी, धार लावायचं मशीन,
आणि एलिस कोन्तुरीचे स्केट्स. वय एकोणीस,
काल बर्फावर सहा मिनिटं अकरा सेकंद.
उरलेला सगळा वेळ बाकावर
माउथगार्ड चघळत.

रायमो म्हणतो, राहू दे इथंच.
मासा मिठाबाहेर मुरत नाही.
पुरुषांच्या शेजारी बसू दे, त्यांचा घाम, त्यांच्या शिव्या,
पक किती वेगात येतो
आणि त्याच्यामागून माणूस किती वेगात,
हे बाकावरूनही कळतं.

बाकावरून फक्त बाक कळतो, साइला म्हणते.
खालच्या लीगला पाठवा.
तिथं वीस मिनिटं खेळेल, चुकेल,
आणि चुकल्यावरही त्यालाच उतरवतील,
कारण दुसरं कोणी नाहीच त्यांच्याकडे.

मग हानेस, मॅनेजर, पेन टकटकवत :
जूनमध्ये अमेरिकेतली माणसं येतील,
खालच्या लीगचे गोल त्यांच्या वहीत अर्धेच मोजतात.
मग फोनवर पोराचा बाप,
जंगलात, लाकूडतोड्या यंत्राच्या केबिनमधून,
मागे घरघर.
म्हणाला, खेळाचं तुम्हीच ठरवा.
घरी फोन करत नाही तो हल्ली.

यावर कोणी काही बोललं नाही.
कोणत्या रकान्यात लिहायचं हे?

मी पातं उलटं धरतो उजेडाकडे.
पात्याला दोन कडा, मध्ये खोबण.
खोबण खोल केली तर बर्फ घट्ट धरते,
पण पाय जड, वेग मरतो.
उथळ ठेवली तर सुसाट जातो माणूस
आणि वळणावर दगा.
आकडा जितका लहान तितकी खोल.
ऑक्टोबरात हा तेराची मागायचा.
नोव्हेंबरात म्हणाला, अकरा करा.
परवा दारात उभा राहून, खाली बघत : दहा.

पडायची भीती मी मिलिमीटरात वाचतो.
एकतीस वर्षं झाली.
मला कोणी बैठकीला बोलवत नाही
आणि बोलावलं असतं तरी
काय सांगणार होतो?
यार्क्कोला वर ठेवला होता, बाविसाव्या वर्षी गुडघा
आणि मन, दोन्ही गेलं त्याचं.
ओस्मोला खाली पाठवला, तो खालीच राहिला,
आता शाळेची बस चालवतो, बरा आहे, लठ्ठ झालाय.
आणि तो तिसरा, ज्याची जर्सी वर छताला टांगलीय,
त्याला खाली पाठवला, वर आणला, पुन्हा खाली, पुन्हा वर,
चार वेळा, निव्वळ गोंधळापोटी.
आज त्या गोंधळाला सगळे पद्धत म्हणतात.

साडेनऊला खुर्च्या सरकल्या.
काय ठरलं ते मला कळलं नाही,
रायमो कॉफी न घेताच गेला, एवढंच.

पोरगा आला स्केट्स न्यायला.
केस ओले, टोपी नाही, बाहेर उणे अठरा.
म्हणाला, बसची वेळ सकाळी सहाची आहे.
मग मला कळलं.

दहाच केली ना?
मी म्हटलं, हो.

तेराची केली होती.
साठाव्या वर्षी पहिल्यांदा गिऱ्हाइकाशी खोटं बोललो
आणि तेही नोकरीच्या जागी.

त्यानं अंगठ्याचं नख कडेवर आडवं फिरवलं,
जशी सगळे फिरवतात,
नखाची बारीक भुकटी पडली.
जरा थांबला. माझ्याकडे बघितलं.
वडिलांना उठवावं लागेल आता, म्हणाला, बसचं सांगायला,
आणि खिशात फोन चाचपत
तो अंधाऱ्या रिंकच्या बाजूनं गेला,
दाराच्या नाही.

थोड्या वेळानं बर्फ कापल्याचा आवाज आला.
एक वळण.
मग धप्पकन काहीतरी.
मग बराच वेळ शांतता,
मी मशीन बंद केलं, नीट ऐकू यावं म्हणून.