हातचा

तुर्कूत नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवस आवरायला घेतो.
आउरा नदीच्या पुलावर माणसं दिसत नाहीत,
दिसतात ते त्यांच्या खिशांना लोंबणारे रिफ्लेक्टर.
गाडीचा दिवा पडला की एकेक जागा होतो:
प्लास्टिकचं घुबड, हिमकण,
कुठल्याशा बँकेनं फुकट वाटलेलं वर्तुळ.
गाडी गेली की पुन्हा कुणीच नाही.

मी तळघरात असते. दार लावून, दिवे घालवून.
काचेच्या पट्टीवर कुणाच्या तरी छातीतला एक पापुद्रा,
कांद्याच्या पातीहून पातळ. नाव नाही.
कोपऱ्यात पेन्सिलीनं तीनशे सतरा.

निळा उजेड टाकला तर सगळंच चमकायला लागतं.
तंतू चमकतात, रक्ताचे डाग चमकतात,
माझ्या बाहीचा सुटलेला धागासुद्धा.
अख्खं गाव एकदम ओरडायला लागल्यावर
हरवलेल्या पोराची हाक कुठून ओळखायची?
म्हणून आम्ही त्याला डोळ्यांना न दिसणारा उजेड देतो,
लालाच्याही पलीकडचा.
त्याला शरीर ओ देत नाही.
ओ देतात फक्त कण. हिरवी.

कसे, ते मला बेरजेवरून कळलं.
उजेडाचा पहिला घास इटर्बियम घेतं
आणि शेजारच्या एर्बियमच्या हातावर ठेवतं.
एर्बियम तो गिळत नाही. हातचा धरून थांबतं.
दुसरा घास आला की मिळवायचा,
आणि दोन न दिसणाऱ्यांचा मिळून
एक दिसणारा मांडायचा.
थांबणं किती वेळ? सेकंदाचा हजारावा हिस्सा, त्याहूनही कमी.
पण तेवढ्यात हातचा सांडला
तर बेरीज चुकते, अंधार उरतो.

पाण्याशी त्यांचं वाकडं. पाण्यात शिरले की उजेड गळतो.
आणि शरीर म्हणजे, दुसरं काय, पाणीच.
म्हणून प्रत्येकाला कवच, त्यावर अस्तर,
अस्तरावर एक आकडी, जी फक्त
दुखणाऱ्या पेशीच्या दाराला अडकते.
पोरांना थंडीत बाहेर सोडताना करतात
तेवढी सगळी तयारी.

गुरुवारी आमच्या इमारतीच्या सौनात बायकांची पाळी.
वरच्या फळीवर एइला, चौथ्या मजल्यावरची,
डाव्या बाजूला दीड महिन्याचा व्रण.
तो तिनं झाकला नाही. मीही नजर वळवली नाही.
तापल्या दगडांवर तिनं पळीभर पाणी टाकलं,
वाफ खाली उतरेपर्यंत गप्प राहिली. मग:
"सिर्क्कू, माझाही तुकडा तुझ्याकडेच आला असेल का गं?"
"नाव नसतं. आकडा असतो."
"कोणता?"
"कुणाचा कोणता, ते आम्हाला कळू देत नाहीत."
तिनं आणखी एक पळी टाकली.
"बरं. मग कुणाचा का असेना, नीट मोज."

शुक्रवारी तीनशे सतरामध्ये एक्केचाळीस हिरवे ठिपके.
पुन्हा मोजले. चाळीस.
एक म्हणजे दोन कण गळ्यात गळा घालून बसलेले
की उगाच कचरा, कळेना.
आलिसा म्हणाली, एकानं काय होतंय.
मी तिला काही बोलले नाही.
पहिल्या कोपऱ्यापासून तिसऱ्यांदा सुरुवात केली
आणि वहीत प्रश्नचिन्ह काढून घरी निघाले.

नदीकाठच्या रस्त्यावर सायकल जवळजवळ तिच्या अंगावरच गेली.
"दिसलीच नाहीस!"
"दुसऱ्या कोटाला राहिला," एइला म्हणाली,
रिकामा खिसा चाचपत.
माझा काढला, अर्धा चंद्र, सोनेरी सेफ्टी पिनेसकट.
थंडीनं बोटं वळेनात, तिच्या लोकरीत
ती पीन दोनदा चुकली.

मग ती पुढे, मी सायकल ढकलत मागे.
ती दिसत नव्हती, नुसता बर्फावर बुटांचा आवाज.
थिएटरपाशी बस वळली
आणि समोर, कमरेच्या उंचीवर,
एक ठिपका.

मोजला.