खालचं चेंबर कोरडं

आधी खालचं झाकण उघडायचं.
वरचं भरलेलंच असतं,
त्यासाठीच तर फोन आलेला असतो.
खालचं कोरडं असेल तर तुंबा मधे आहे,
या बावीस फुटांत कुठेतरी.
खालचंही भरलं असेल तर काम महापालिकेचं;
तसं सांगायचं, चहा घ्यायचा नाही, निघायचं.

माहीम, गोपी टँक रोड. इमारतीचं नाव शशिकला.
मागच्या घरगल्लीत दोन माणसं शेजारी मावत नाहीत,
म्हणून मी पुढे, इरफान मागे, मशीन रस्त्यावर.
झाकण काढून पंधरा मिनिटं काही करायचं नाही.
सेक्रेटरी राजाध्यक्ष घड्याळ बघतात.
कोंडलंय ते आधी बाहेर जाऊ दे, मी म्हणतो,
मग आपण आत. आपण म्हणजे नळी.
माणूस नाही.

माझे वडील उतरायचे.
खपाट्या घेऊन, कमरेला सुंभ.
एकदा भायखळ्याला वर आले ते नाकातला वास तिथेच ठेवून.
नंतर सतरा वर्षं
जेवताना आईच्या तोंडाकडे बघायचे.
फोडणी बसली की जळली
ते तिच्या चेहऱ्यावर वाचायचे.
त्यांची एक खपाटी माझ्या माळ्यावर आहे. वापरत नाही.

कॉइल सोडली. अकरा फुटांवर अडली.
हाताला कळतं: चरबीत ती रुतते,
चिंधी तिलाच गुंडाळून बसते,
दगड असला की भातातल्या खड्यासारखा खटकतो.
हे यातलं काहीच नव्हतं.
ढकललं की थोडी जायची, परत यायची,
पलीकडून कुणी हळूच नको म्हणावं तशी.

"दुसऱ्या मजल्याचं तेल," पहिला मजला म्हणाला.
"पहिलीवालीचे केस," दुसरा.
तळमजल्याच्या धुरू आजी गप्प होत्या.
नऊ दिवस सगळ्यांचं त्यांच्याच मोरीत वर येत होतं.

कुणाच्या घरचं काय, मला कळतं.
मी सांगत नाही. हा नियम वडिलांचा.

मग कॅमेरा.
तळहाताएवढ्या पडद्यावर पिवळा बोगदा,
थेंब, झुरळाची मिशी, एक सांधा, दुसरा सांधा,
आणि पाइप भरून केस. पांढरे, बारीक, ओले.
"अगंबाई," आजी वाकून म्हणाल्या, "हे तर माझ्यासारखे!"

पिंपळ.
कुंपणाच्या भिंतीत उगवलेला,
वीतभर होता तेव्हा कुणी हात लावायला धजलं नाही.
सांध्याच्या फटीतून आत शिरला
आणि पीत राहिला,
पहिल्याचं, दुसऱ्याचं, सोवळ्याचं, ओवळ्याचं,
एकाच घोटात.

मुळं कापायचं पातं लावलं. मग जेट.
जेटचं पाणी मागे फवारतं, म्हणून नळी पुढे जाते;
इरफानला हे अजून गंमतच वाटतं.
"बाजूला व्हा," मी ओरडलो,
आणि बशीतला चहा ओढल्यासारखा
एक लांब आवाज झाला
तळमजल्यापासून गच्चीपर्यंत.

"परत येईल का हो?" आजींनी विचारलं.
येईल. मूळ कापलंय, झाड नाही.
सहा महिने म्हणा.
राजाध्यक्षांना ते बिलावर लिहून हवं होतं.

शेवटी एक बादली स्वच्छ पाणी मोरीत ओतायचं
आणि खालच्या झाकणापाशी थांबायचं.
आलं. वाहतं, बिनरंगाचं.
वर कुणीतरी फोडणी टाकली,
मोहरी, मग हिंग.
जळली नव्हती.
मी झाकण बसवलं,
कडेने ओला सिमेंट फिरवला,
आणि राजाध्यक्ष सहीसाठी पेन शोधायला वर गेले
ते बराच वेळ आलेच नाहीत.