वासे

पहाटे पाचला कत्तलखान्याच्या मागल्या दाराशी
रोमिल्दा डबा घेऊन उभी असते.
आतून बर्फात दोन डुकरांचे मेंदू येतात,
अजून कोमट.
फाटकावरचा माणूस रोज तेच विचारतो :
"तळता की कालवण करता?"
ती म्हणते, "ऐकते."

सान्तियागो देल एस्तेरोची दुपार.
गाव खिडक्या लावून झोपलेलं,
रस्त्यावर कुत्रंही नाही.
काचेच्या वाटीत पेशीच्या आतल्या नळ्या जुळत असतात,
पोकळ, इतक्या बारीक
की केसाच्या रुंदीत तीनेक हजार शेजारी शेजारी मावतील.
गारठ्यात विरघळतात, अंगाच्या उबेत पुन्हा उभ्या राहतात.
पुस्तकात त्यांना घराचे वासे म्हटलंय :
छप्पर पेलायचं, ओझी इकडची तिकडे न्यायची,
पेशी दुभंगताना दोर व्हायचं.
घर फिरलं की वासेही फिरतात,
इथवर कुणाची तक्रार नव्हती.

तिनं काचेची सुई टेकवली
आणि रेघ थरथरली.
स्पीकरमधून घुं, जाड, न थांबणारं,
सेकंदाला एकोणचाळीस हेलकावे.

पहिला संशय भिंतीतल्या विजेवर.
ती पन्नासनं गुणगुणते आणि कुठेही शिरते.
तिनं पंखा बंद केला, दिवे,
पलीकडच्या खोलीतला एर्नानचा रेडिओसुद्धा.
मग तीन वाजून दहा मिनिटांनी
गावानंच मदत केली : वीज गेली.
जानेवारीत जातेच.
बॅटरीवर एकटं यंत्र.
रेघ तशीच.
एकोणचाळीस.

फ्रीझरमध्ये सहा महिन्यांचं काम
थेंब थेंब लादीवर येत होतं.
तिनं उठायला हवं होतं.
नाही उठली.

बाप, एलेउतेरिओ, तीस वर्षं तारा ओढणारा.
केब्राचोच्या खांबाला कान लावून सांगायचा
लाइन जिवंत आहे की मेली.
आता उजवा कान गेलाय,
डाव्याला हवं तेवढंच ऐकू येतं.
संध्याकाळी अंगणात माते पीत बसला होता.
तिनं मोबाइल डाव्या कानाशी धरला.
त्यानं तो काढून घेतला, तळहातावर ठेवला,
मूठ मिटली, डोळेही.

"जिवंत आहे," म्हणाला. "कुठली लाइन?"
"डुकराची." तिनं त्याच्या कपाळाला बोट लावलं.
"पण तुझ्या इथेही असलेच वासे."
बराच वेळ तो नुसता नळी चोखत राहिला,
भांड्यातलं पाणी संपलं होतं तरी.
मग : "आणि बिल कोण भरतं?"

रात्री, मेणबत्तीपाशी, वहीत :
तापमान सदतीस. वीज नव्हती.
'कशासाठी' या रकान्यात काही लिहिलं, खोडलं,
पुन्हा तेच लिहिलं, पुन्हा खोडलं.
फ्रीझर : सगळं गेलं.
उद्या पहाटे पाच. डबा मोठा न्यायचा.