चाळीसची लय

व्हर्लिन मेट्रोनोम चाळीसवर लावतो.
टक्.
मग इतका वेळ काहीच नाही
की चुलीतलं ओक तडकलेलं ऐकू यावं.

नखी खाली. नखी वर.
तिसऱ्या तारेवरून वर येताना
मनगट अजून अडतं.
करवत गिरणीतली सव्वीस वर्षं
तिथेच कुठेतरी गाठ मारून बसलीत.

"गाणं आहे की गळका नळ?"
घेवडा सोलता सोलता ओलेटा विचारते.
तो उत्तर देत नाही.
खाली. वर. पुन्हा अडलं.
पुन्हा पहिल्यापासून.

शनिवारी पेट्रोल पंपामागे
पोरं सुसाट वाजवतील, ठाऊक आहे त्याला.
बाहेर व्हर्जिनियाचे डोंगर
धुक्यात हळूहळू मावळतात.

मध्येच तो थांबतो, बोटं चोळतो.
मेट्रोनोम बंद.

तरी टक्.
ओलेटाच्या परातीत
एकेक दाणा
अजून चाळीसनेच पडतोय.