चालक गाडीत आहे का?

दुपारी बारा ते तीन काट्यावर कुणी येत नाही.
मे महिन्यात सावद्याचं डांबर
चपलेला चिकटून थोडं सोबत येतं.
मी छत्री उघडते, फैजपूरची एसटी धरते.
सायकलच्या दुकानावर जिना, जिन्यावर खोली,
खोलीत सात कॉम्प्युटर, दोन पंखे,
आणि फेगडे सर, वय तेवीस,
मला मॅडम म्हणावं की मावशी
हे अजून न ठरलेले.

पहिल्या दिवशी ते म्हणाले,
क्लास म्हणजे घराचा नकाशा, ऑब्जेक्ट म्हणजे घर.
मी म्हटलं, घराचं नको, काट्याचं सांगा.
ते थांबले. फळ्यावरचं घर पुसलं.
म्हणाले, बरं. ट्रक हा क्लास.
नंबर, रिकामं वजन, भरलेलं वजन, एवढंच.
आणि हा बाहेर उभा आहे ना,
एमएच एकोणीस, ताडपत्री फाटलेला, हा ऑब्जेक्ट.

अकरा वर्षं मी पावत्या फाडत होते,
नकाशा हातात होता आणि मला माहीत नव्हतं.

इनहेरिटन्सला ते पूर्ण तास देणार होते.
मला दोन मिनिटं पुरली.
केळीला कोण बी लावतं?
बुंध्याशी मुनवा फुटतो तो आईचं सगळं घेऊन,
पानाची रुंदी, घडाचा बाक.
आणि ओव्हरराइड? सरांनी विचारलं.
मी म्हटलं, माझी आई अंगठा लावायची.
मग थोडा वेळ फक्त पंखे बोलले.

पब्लिक आणि प्रायव्हेट मात्र चार दिवस डोक्यात शिरेना.
आमच्या गल्लीत शेवभाजीची फोडणी पडली
की तीन घरांना कळतं पाहुणे कोण आलेत.
चौथ्या दिवशी मी रिकामं वजन प्रायव्हेट केलं
आणि माझं मलाच ते बाहेरून दिसेना.
फार बरं वाटलं.

लाइट गेली की कंदिलाशी बसून
पावत्यांच्या कोऱ्या पाठीवर कोड लिहायचे.
पुढच्या बाजूला कुणाचं तरी केळ,
मागे माझा अर्धविराम, एखादा विसरलेला.
सकाळी पडद्यावर त्याची लाल लाट उठायची.

जुलैत फॉर्म तयार झाला. राखाडी,
तीन चौकटी, एक बटण: 'पावती काढा'.
धनराजभाऊंनी चष्मा कपाळावर ढकलून पाहिलं.
म्हणाले, प्रिंटर तरी जुनाच आहे ना?
प्रिंटर जुनाच होता. तसाच करवतीसारखा ओरडला.

पहिली गाडी शकीलची, रावेरची.
रिकामी सात हजार आठशे चाळीस.
भरलेली सतरा हजार एकशे तीस.
निव्वळ नऊ हजार दोनशे नव्वद.
शेतकऱ्याने बागेतल्या हातकाट्याचा कागद पुढे केला:
नऊ हजार तीनशे साठ.

सगळे माझ्याकडे बघू लागले,
मग माझ्या कॉम्प्युटरकडे, जसं
गर्दीत नव्या सुनेकडे बघतात.
मी कोड ओळीओळीने वाचला.
वजाबाकी बरोबर. चौकटी बरोबर.
काटा नुकताच सील झालेला.
शकील टपरीवरून ग्लास हातात घेऊन आला.
काय झालं व ताई?
मी विचारलं, भरलेल्या वजनाला तू कुठे होतास?
चहा प्यायले उतरलतो ना मी.
आणि रिकामीच्या वेळी?
रिकामीच्या वेळी बसेल होतो.

सत्तर किलो.
तिथेच उभा, बशीत ओतून पीत.

त्या रात्री मी झोपले नाही.
अकरा वर्षांच्या पावत्या, कार्बन लागलेल्या,
सगळ्यांवर माझी सही.
त्यांत असे किती चहा असतील.

सकाळी ट्रकच्या क्लासमध्ये एक ओळ वाढवली,
खरं किंवा खोटं, तिसरं काही नाही.
फॉर्मवर बारीक चौकोन, शेजारी शब्द:
चालक गाडीत आहे का?
दोन्ही वेळा उत्तर एकच नसेल
तर बटण दाबलंच जात नाही.

आता शकील काट्यावर चढला
की विचारायच्या आधीच खिडकीतून हात काढतो:
आहे!

क्लीनरचं अजून काही केलेलं नाही.